कोड उघडा, पण आपला पॉइंट आपलाच!

मच्छीमार बांधवांनो, परवा जेटीवर ओपनसीपीएनचा विषय निघाला. नकाशावर बोटीचा मार्ग दाखवणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर मोफत चालतं. एक तांडेल म्हणाले, "उघडं आहे म्हणजे माझे मासळीचे पॉइंट सगळ्यांना दिसणार की!"

तसं नाही, दादा. उघडी असते ती प्रोग्रामची कृती, तुमची वही नव्हे. जाळं कसं विणायचं हे गावभर माहीत असतं, म्हणून ते आपण कुठं टाकतो हे कुणाला कळतं का? पॉइंट आपल्याच लॅपटॉपमध्ये राहतात. फुटतात ते आपणच फाइल दुसऱ्याला दिली तर.

आणि फुकट म्हणजे कच्चं, हेही खरं नाही. आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी १९९१ साली सुरू झालेलं लिनक्सच आहे.

मात्र नकाशा जुना असेल तर सॉफ्टवेअर काय करणार? नकाशे अद्ययावत ठेवा, होकायंत्र सोबत असू द्या.