गैरहजेरीतील अभिप्राय

शाळेविषयी पालकांचे मत अजमावण्यासाठी सभा बोलाविण्याचा प्रघात आहे. सभेत चारदोन बोलके गृहस्थ बोलतात. डहाणू-तलासरी भागातील पाड्यांवरचा पालक मागे बसून “होय गुरुजी, धाडतो” म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी मूल येत नाही. मग “पालकांस आस्था नाही” असा शेरा लिहिला जातो. वस्तुतः तो होकार बहुधा आदरापोटी दिलेला असतो; खरे उत्तर हजेरीपटावर उमटते.

हे उत्तर कसे वाचावे, याचा वस्तुपाठ डहाणू तालुक्यातच मिळतो. कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम आरंभिले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हे नाव देशभर पोहोचले. मोठी मुले गुरे राखावयास जात, म्हणून कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी मुली घरी राहत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. ‘येत नाही’ हा शब्द एकच, परंतु त्याची कारणे निरनिराळी आणि म्हणून उपायही निरनिराळे.

एकाच घरातून तीन उत्तरे मिळाली तरी शिक्षकाने गोंधळून जाऊ नये. बाप मजुरीची अडचण सांगेल, आई तान्ह्या मुलाची, आणि मूल काहीच सांगणार नाही. तिन्ही उत्तरे खरी असू शकतात. त्यांतील मुलाचे मौन सर्वांत दुर्बोध. घरी वारली बोलणाऱ्या मुलास पुस्तकातील मराठी परकी वाटते, हे ते शब्दांत कसे मांडणार? येथे उपाय शिक्षकाच्या हाती आहे. पहिले काही महिने मुलाच्या बोलीतील शब्द वर्गात येऊ द्यावेत, म्हणजे मूल आपण होऊन बोलू लागते.

सर्वच कारणे शिक्षकास दूर करता येतील असे नाही. भातकापणीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले, तर घरभेटीने मूल परत येत नाही. अशा नोंदी कुटुंब गेल्याच्या महिन्यासह वेगळ्या ठेवाव्यात व पाडा रिकामा होण्यापूर्वीच केंद्रप्रमुखांकडे द्याव्यात. मुलांना मागे ठेवण्याची सोय करावयाची तर ती त्याच वेळी होऊ शकते.