बोटीलाही टायर असतात

आज बोटीच्या टायरबद्दल बोलायचंय. बोटीला टायर कुठून आले, असं आमच्या घरात सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून आधी तेच सांगतो.

मी आता बडोद्यात राहतो, पण त्याआधी नऊ वर्षं अमेरिकेत होतो. सिएटलच्या उत्तरेला एव्हरेट नावाचं गाव आहे, तिथे. पॅसिफिक महासागराचं पाणी जमिनीत खोलवर शिरून तिथे प्युजेट साउंड नावाची लांबलचक खाडी झाली आहे. तिथे बोट बाळगणारे सगळे श्रीमंत असतात असं समजू नका. शिक्षक, सुतार, ट्रक चालवणारे असे कितीतरी. बंदरात जागा भाड्याने घेणं महाग पडतं, म्हणून बोट घराच्या अंगणात, दोन चाकांच्या ट्रेलरवर. सुट्टीच्या दिवशी ट्रेलर गाडीला जोडायचा आणि पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उतारावर रिव्हर्समध्ये नेऊन बोट तरंगवायची. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात, ते वर्षातून एकदा. तिथे मात्र प्रत्येक सहलीला ही चढ-उतार.

मी २०१५ साली एक १९ फुटी जुनी बोट ट्रेलरसकट घेतली. इंजिन दोनदा तपासून घेतलं. टायरकडे नुसतं पाहिलं. नक्षी नव्यासारखी दिसली, समाधान झालं. तिसऱ्याच सहलीला हायवेवर मागून धाडकन आवाज आला. टायर फुटून त्याची साल सोलली गेली होती आणि त्या पट्ट्याने वरचं मडगार्ड फाडलं होतं. ट्रेलर डुलायला लागला. गाडीत बायको आणि सहा वर्षांची मुलगी. ब्रेकवर पाय न मारता हळूहळू वेग सोडला आणि कसाबसा कडेला आलो. गाडीचा जॅक ट्रेलरखाली बसेना, स्टेपनीत हवा नाही. शेजारून ट्रक सूं सूं करत जाताहेत.

तासाभराने एक आजोबा थांबले. त्यांच्या मागेही बोट होती. त्यांनी टायरच्या बाजूवर बोट ठेवून विचारलं, "हे वाचलंस का?" डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे होते, ३१०६. म्हणजे २००६ सालच्या ३१व्या आठवड्यात बनलेला टायर. नऊ वर्षांचा.

गाडीचा टायर धावून झिजतो, ट्रेलरचा बहुधा उभा राहून म्हातारा होतो. रबरात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. टायर फिरत राहिला की ती पृष्ठभागावर येतात आणि रबराचं रक्षण करतात. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या टायरात हे नीट होत नाही. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात, बारीक भेगा पडतात, आतले थर सुटायला लागतात. नक्षी मात्र जशीच्या तशी! म्हणून तिथले जाणते लोक नक्षी न पाहता पाच-सहा वर्षांत टायर बदलतात आणि उभ्या ट्रेलरच्या चाकांवर कापड घालतात.

दुसरी गोष्ट हवा. आपण पंपावर "तीस-बत्तीस मार" म्हणतो. माझ्या ट्रेलरच्या टायरला ५० पीएसआय लागायची, तीही टायर थंड असताना मोजून. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत वाकतात, तापतात, आणि फुटण्याचं मूळ बहुतेक वेळा त्या उष्णतेत असतं. त्यातून पुष्कळशा ट्रेलर टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. मी त्या दिवशी किती वेगात होतो ते विचारू नका.

बेअरिंगचंही तसंच. हायवेवरून आल्यावर हब गरम असतो. तो तसाच थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढलं जातं. ग्रीस दुधाळ दिसलं की समजायचं, पाणी शिरलं. मी वाटेत प्रत्येक थांब्यावर हबला हात लावायचो. हात ठेववेना, तर पुढे जायचं नाही.

उभं राहणं इतकं वाईट, म्हणून बरेच बोटवाले हिवाळ्यातही महिन्यातून एकदा बाहेर पडतात. हे निमित्तच म्हणा, कारण हिवाळ्यातली खाडी फार सुंदर. उतारावर रांग नाही, एखाद्या दिवशी पाणी काचेसारखं, पश्चिमेला ऑलिम्पिक पर्वतावर बर्फ, मध्येच सीलचं डोकं वर येतं. आम्ही समोरच्या व्हिडबी बेटावर लँगलीला जायचो, थर्मासमधला चहा आणि थालीपीठ घेऊन.

पण तेव्हा पाणी आठ-नऊ अंशांवर असतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी यासाठी एक सोपा हिशेब रूढ केला: एक, दहा, एक. पाण्यात पडल्यावर धाप आवरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. त्या पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन माणूस बुडू शकतो, मग पोहणं येऊन काय उपयोग? म्हणून लाइफ जॅकेट बाकाखाली नाही, अंगावर. आणि बोटीवर चढायची शिडी अशी, की पाण्यातून हात पोचेल. थंडीमुळे केबिन बंद करून शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो. म्हणून त्याचा अलार्म लावायचा आणि एक फट उघडी ठेवायची. डिसेंबरात सूर्य चार-वीसच्या सुमाराला मावळतो. दोन वाजले की तोंड घराकडे, हा बायकोचा नियम. त्यावर मी एकदाच वाद घातला.

२०२० मध्ये बडोद्याला परतलो. बाबांची गाडी शेडमध्ये, जेमतेम बारा हजार किलोमीटर चाललेली. सवयीने वाकून टायर वाचला. आपल्याकडच्या टायरवरही हे चार आकडे असतात. शेवटचे दोन होते ११.

बाबा म्हणाले, "अरे, नक्षी तर नवीकोरी आहे!"

दुसऱ्या दिवशी चारही बदलले. स्टेपनी धरून पाच.