कामाची जागा आणि मनाचे स्वास्थ्य

माणूस कामावरून घरी परततो तेव्हा जेवणाचा रिकामा डबा एवढेच काही त्याच्याबरोबर येत नाही. दिवसभरात ऐकलेले कठोर शब्द, गिळलेला राग आणि भीतीने न विचारलेले प्रश्न हेही त्याच्यासोबत उंबरठा ओलांडतात. मुलांवर विनाकारण ओरडणारे वडील किंवा जेवताना अवाक्षर न बोलणारी आई यांच्या वागण्याचे मूळ पुष्कळदा घरात नसून कारखान्यात किंवा कचेरीत असते. म्हणूनच कामाच्या जागेचे स्वास्थ्य हा प्रत्येक कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास बंगळूरसारखे शहर क्वचितच सापडेल. येथे १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स असे एकामागून एक सरकारी उद्योग उभे राहिले. त्याच १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थाही याच शहरात स्थापन झाली. १९७४ मध्ये ही संस्था आणि येथील जुने मनोरुग्णालय एकत्र येऊन आजची ‘निमहान्स’ ही विख्यात संस्था निर्माण झाली. यंत्रांची आणि मनाची विद्या अशी एकाच नगरीत शेजारी वाढली.

कामगाराच्या शरीराची काळजी घ्यावी हे आपल्याकडे लवकर मान्य झाले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने मोठ्या कारखान्यांसाठी उपाहारगृह, विश्रांतीची खोली, स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर आणि पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी अशा तरतुदी केल्या. मनाची गरज मात्र डोळ्यांना दिसत नाही. पोट भरलेले आणि डोक्यावर पंखा फिरत असलेला माणूसही अपमानाने खचू शकतो. ही अदृश्य गरज कोणती? आपले म्हणणे कोणीतरी ऐकून घ्यावे, आणि ते सांगितल्याबद्दल आपल्याला शिक्षा होऊ नये, ही ती गरज होय.

हे केवळ सुभाषित नव्हे. त्याला अनुभवाचा आधार आहे. अर्थशास्त्रज्ञ अच्युत अध्वर्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील तयार कपड्यांच्या कारखान्यांत एक प्रयोग केला. कामगारांची वार्षिक पगारवाढ अपेक्षेहून कमी ठरली होती. त्याच सुमारास काही कामगारांची कोणताही भेदभाव न करता निवड करून, त्यांची नावे गुप्त ठेवून त्यांना विचारण्यात आले : कामाची परिस्थिती कशी आहे? पर्यवेक्षक कसे वागतात? तुम्ही समाधानी आहात काय? एवढ्या विचारण्यानेही फरक पडला. ज्यांना विचारले गेले त्यांच्यात नोकरी सोडणाऱ्यांचे व गैरहजर राहणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून कमी राहिले. आणि जे सर्वाधिक निराश झाले होते, त्यांच्यात हा परिणाम विशेष दिसला. याच संशोधकांपैकी काहींनी बंगळूरच्या पाच कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना संवाद, वेळेचे नियोजन आणि अडचणींची सोडवणूक यांचे शिक्षण दिल्याचा परिणाम तपासला, तेव्हा त्यांचे कामही वाढल्याचे आढळले.

अमेरिकेतील अभ्यासक एमी एडमंडसन यांना १९९० नंतरच्या दशकात रुग्णालयांत असाच एक बोधप्रद अनुभव आला. जेथे परिचारिकांचा गट एकोप्याने काम करीत होता, तेथेच औषधांच्या चुकांची नोंद अधिक होती! वरकरणी हे उलटे वाटते. परंतु अशा गटांत चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या. इतरत्र त्या भीतीपोटी दडवल्या जात असाव्यात, असा उलगडा त्यांनी केला. ज्या कचेरीत कधीच तक्रार येत नाही, ती कचेरी सुखी आहे असे अधिकाऱ्याने समजू नये. कदाचित तेथे दाराशीच भीती उभी असेल.

मग अधिकाऱ्याने करावे काय? चूक दाखवायची ती चारचौघांत न दाखवता एकांतात दाखवावी. कामाविषयी बोलावे, माणसाच्या कुळाशीलाविषयी बोलू नये. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याचे आधी आभार मानावे, मग उपाय शोधावा. रात्री दूरध्वनी करण्यापूर्वी हे काम सकाळपर्यंत थांबेल काय, असे स्वतःला विचारावे. आणि ऐकलेल्या गोष्टींपैकी निदान एक तरी तडीस न्यावी. कारण नुसते विचारून काहीच न करणाऱ्याला माणसे पुढच्या वेळी खरे सांगत नाहीत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. गोड बोलणे हा रास्त वेतनाचा किंवा पुरेशा विश्रांतीचा पर्याय होऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या शिणवट्याचे वर्णन करताना, कामाच्या जागी दीर्घकाळ टिकलेला आणि नीट न हाताळलेला ताण हे त्याचे कारण सांगितले आहे. म्हणजे खचलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ असे सांगून भागत नाही. कामाची रीतच तपासावी लागते. तसेच काही गोष्टी सौजन्यावर सोडता येत नाहीत. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक केले, ते याच कारणाने.

घरालाही यात वाटा उचलता येतो. कामावरून आलेल्या माणसाला दारातच उपदेश करू नये. चहाचा पेला पुढे ठेवावा आणि त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकावे. झोप उडाली, भूक मंदावली, जगण्यातच गोडी उरली नाही असे दिवसेंदिवस दिसू लागले, तर तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात संकोच मानू नये. २०२२ मध्ये बंगळूर येथे ‘टेलि-मानस’ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा प्रारंभ झाला; १४४१६ या क्रमांकावर ही मदत विनामूल्य मिळते.

यंत्र बिघडले की ते आवाज करते, आणि शहाणा कारागीर तो आवाज वेळीच ऐकतो. माणूस मात्र बिघडत असताना पुष्कळदा गप्प होतो. ही शांतता ज्यांना ओळखता येते, त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांची घरे संध्याकाळी हसती-बोलती राहतात.