रंगाखालचे लोखंड

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्ग ओलांडले की आठेक किलोमीटरवर जळकोट लागते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सकाळी नऊच्या सुमारास भारतीय लष्कराच्या चिलखती गाड्यांचा ताफा या गावात शिरला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आल्याने वाट मोकळी झाली होती. दुपारी सव्वातीनपर्यंत ताफा उमरग्याला पोचलाही. हा इतिहास आपण दर १७ सप्टेंबरला मुलांना सांगतो. पण त्या काळच्या लष्करी गाडीचा पत्रा आणि त्यावरचा रंग हाही एक धडा होऊ शकतो, आणि तो रसायनशास्त्राचा आहे.

आपण जीपचेच उदाहरण घेऊ. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीपगाड्या बांधल्या. त्यांतल्या काही युद्धानंतर भारतात राहिल्या, लष्करात झिजल्या आणि पुढे लिलावातून खासगी मालकांकडे आल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे सुटे भागही मिळत राहिले. अशी गाडी कोणी हौसेने दुरुस्तीला घेतली, की पहिला प्रश्न असतो : रंग कोणता द्यायचा? आमच्या मते हा प्रश्न शेवटचा. आधी पाहायचे ते गंज कुठे धरला आहे आणि तिथेच का.

मराठवाड्याची हवा कोरडी. उघड्यावरचा पत्रा इथे वर्षानुवर्षे टिकतो. गाडी कुजते ती खालून. महायुद्धकालीन जीपच्या तळपत्र्याला आधार देणाऱ्या पन्हळींमध्ये लाकडी पट्ट्या ठासलेल्या असत. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, त्यात काळ्या मातीचा चिखल जाऊन बसतो, आणि वरचा पत्रा वाजवून पाहिला तर ठणठणीत लागत असताना खालची पन्हळ चाळणी झालेली असते.

असे का व्हावे? ज्या ठिकाणी हवा कमी पोचते, तिथे गंज कमी असायला हवा, असे कोणालाही वाटेल. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात याचे उत्तर शोधले. त्यांचा प्रयोग आपण शाळेत सहज करू शकतो. लोखंडाचा तुकडा पॉलिश कागदाने घासून लखलखीत करा. मिठाच्या पाण्यात फेनॉल्फ्थॅलीनचे दोनचार थेंब आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचे काही कण घाला (दुसरे रसायन कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळेल). या द्रावाचा एक मोठा थेंब लोखंडावर ठेवा आणि थोडा वेळ वाट पाहा. थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्यभाग निळा. निळा रंग म्हणजे लोखंड विरघळते आहे. गुलाबी म्हणजे प्राणवायू इलेक्ट्रॉन घेऊन अल्कली तयार करतो आहे. हे इलेक्ट्रॉन मध्यभागातून कडेकडे धातूतूनच वाहत येतात. थेंबच एक छोटा विद्युतघट झाला! तपकिरी गंज साचतो तो या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. म्हणजे गंज दिसतो एकीकडे आणि लोखंड झिजते दुसरीकडे, जिथे हवा कमी तिथे. जीपच्या पन्हळीतला चिखल हा थेंबाचा मध्यभाग समजा.

गंजावरच रंग मारण्याची घाई का करू नये, हे यावरून कळते. गंज सच्छिद्र असतो. त्यात पाणी आणि क्षार दडून राहतात, आणि रंगाच्या पापुद्र्याखाली घट चालूच राहतो. सुटा गंज खरवडून काढावा. जो चिवट राहील त्यावर फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन चालते. हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाकून पाहा, खिळा काळा पडतो. गंज रूपांतरित करणाऱ्या काही बाजारी द्रावणांत हेच टॅनिन असते.

आता धोक्याची गोष्ट. पूर्वी लोखंडावरच्या अस्तरात शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, सर्रास वापरत, क्रोमेटही असे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, पण जुन्या गाडीच्या थरांना त्याचे काय! शिसे आहेच असे धरूनच चालावे. कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे. तोंडाला रुमाल बांधून हे बारीक कण अडत नाहीत. निघालेला चिखल गोळा करावा, अंगणात सांडू नये, आणि मुलांना हे काम दाखवण्याच्या मोहात पडू नये. शिशाचा सर्वाधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो.

पत्रा सरसकट कोरा करण्याआधी आणखी एक काम. डॅशबोर्डच्या खाली, जिथे ऊन पोचलेले नाही, तिथे रुपयाएवढी जागा बारीक कागदाने ओली घासत जावी, मधे जास्त, कडेला कमी. झाडाच्या वाढवलयांसारखी वर्तुळे उमटतात : मालकाचा निळा, त्याआधीचा करडा, मग कदाचित लष्करी हिरवट आणि तळाशी अस्तर. गाडीचे कागद हरवले असतील, तर एवढाच दाखला उरतो.

तो लष्करी रंग बनतो कशाने? त्यात हिरवे रंगद्रव्य लागतच नाही. पिवळ्यात थोडा काळा मिसळा, शेवाळी छटा येते. वर्गात जलरंगांनी पाहता येईल. युद्धकाळात पिवडी आणि काळे रंगद्रव्य यांचे मिश्रण असेच वापरत. पिवडी म्हणजे लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड, जे गंजातही असते. गंजाचा भाऊच लोखंड रंगवतो! फरक इतकाच, की इथे त्याचा प्रत्येक कण तेलात किंवा राळेत बांधलेला आहे.

लष्करी रंग निस्तेज असतो, कारण चकाकी शत्रूला लांबून दिसते. म्हणून त्यात रंगद्रव्य जास्त आणि बांधणारे द्रव्य कमी. पृष्ठभाग खडबडीत होऊन प्रकाश विखुरतो. त्याची किंमत अशी, की असा थर पाणी कमी अडवतो. उन्हाने बांधणारे द्रव्य तुटले की हात लावताच भुकटी निघते. खरे संरक्षण खालच्या अस्तराचे.

एवढे करून मूळ रंग सापडला तरी तो गाडीला देता येईलच असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. रस्त्यावर चालवायची जीप तेव्हा करड्या किंवा मातकट रंगात ठेवावी. डॅशबोर्डखालची ती वर्तुळे मात्र पारदर्शक वार्निशाचा एक हात देऊन तशीच राहू द्यावीत, आणि शेजारी तपासणीची तारीख लिहावी.