वारा असूनही पवनचक्की बंद का?



परिसर अभ्यासाच्या तासाला एका मुलानं विचारलं, "सर, वारं एवढं सुटलंय, मग डोंगरावरची पवनचक्की बंद कशी? मोडली का?" पाटोदा, केजकडच्या मुलांना पवनचक्क्या रोजच दिसतात. मी म्हणालो, दुरुस्ती चालू असेल. पण कधी कधी वीज जास्त होते म्हणूनही ती थांबवावी लागते. लगेच दुसरा म्हणाला, "वीज जास्त? आमच्या वस्तीवर तर लाईटच नसते!"

दोघांचंही बरोबर होतं. वस्तीवरचा अंधार बऱ्याचदा डीपी जळाल्यामुळे किंवा तार तुटल्यामुळे असतो. राज्याचा हिशोब वेगळा.

तारांमध्ये वीज साठत नाही. जेवढी तयार झाली तेवढी त्याच क्षणी वापरली जावी लागते. मुलांना उसाच्या बैलगाडीचं उदाहरण दिलं. ओझं वाढलं की बैल मंदावतात, कमी झालं की पळतात. जनित्रांचंही तसंच. आपल्या ग्रीडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची असते. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात चोवीस तास हाच तोल सांभाळतात.

आता आपल्या परळीचं बघा. तिथले २५० मेगावॉटचे संच चुलीसारखे पटकन विझवता-पेटवता येत नाहीत. कोळशाचा संच साधारण ५५ टक्क्यांपर्यंतच खाली आणता येतो. त्यात दुपारी सौर वीज भरपूर येते. पावसाळ्यात वारा जोरात असतो आणि नेमके तेव्हाच शेतातले पंप बंद! मग वीज शिल्लक राहते.

एक उपाय अकोले तालुक्यातल्या घाटघरला आहे. जास्तीच्या विजेनं खालच्या धरणाचं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज घ्यायची. चढवायला लागते त्यापेक्षा थोडी कमीच वीज परत मिळते, पण वाया जाण्यापेक्षा बरं. (मुलांना हे फार आवडलं. "पाण्याची बॅटरी" हे नाव त्यांचंच.)

दुसरा उपाय आपल्या जास्त जवळचा आहे: ऊन असतानाच काम करायचं. २०२३ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची, असं ठरलं आहे. दुपारची वीज तिथल्या तिथे खपते, लांबच्या तारांवर भार येत नाही. आणि माणसाला रात्री बॅटरी घेऊन, साप-विंचवातून दारं धरायला जावं लागत नाही. माझ्या मते हा फायदा सगळ्यात मोठा.

वर्गात घ्यायचा असेल तर सोपा प्रयोग सांगतो. बादलीला खाली भोक पाडा, आत ५० ची खूण करा. एकानं वरून पाणी ओतायचं, दुसऱ्यानं बोटानं भोक कमी-जास्त करायचं. पाणी खुणेवरच राहिलं पाहिजे. मग ओतणाऱ्याला अधूनमधून "ढग आला!" असं ओरडून थांबवा. आमच्या वर्गात अर्ध्या मिनिटात सगळी फरशी ओली झाली.