धुराचा जमाखर्च

धान्याचा व पैशाचा हिशेब आपण ठेवतो. धुराचाही ठेवावयास हवा. इंधन जळाले म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड हवेत मिसळतो, उष्णता अडवून धरतो आणि त्यायोगे उन्हाच्या लाटा व अतिवृष्टी वाढतात.

हिशेब सोपा आहे. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो, १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो व विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो वायू निघतो. समजा, एका कुटुंबास महिन्याला ३० लिटर डिझेल, एक सिलिंडर व १०० युनिट वीज लागली. तर ८१, ४२ व ७० मिळून १९३ किलो झाले.

यात मोठा वाटा पंपाचा, म्हणून सुधारणाही तेथूनच आरंभावी. गळका फूटव्हॉल्व्ह बदलावा, ठिबक पद्धतीने पाणी द्यावे. दहा लिटर डिझेल वाचल्यास २७ किलो वायू टळतो आणि पैसाही वाचतो. शेणाच्या ओल्या, कोंदट खड्ड्यातून मिथेन हा अधिक तापदायक वायू सुटतो; तोच गोबरगॅस संयंत्रात धरला तर चूल पेटते व उरलेली मळी खत म्हणून शेतास मिळते.

ग्रामसेवकांनी प्रथम स्वतःच्या घरचा असा हिशेब मांडावा, मगच गावास सांगावा.