ख्वाजा अहमद अब्बास : पत्रकारितेकडून सामाजिक चित्रपटाकडे

'बॉम्बे क्रॉनिकल'मधील पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास (१९१४-१९८७) यांनी बातमीतील वास्तव पडद्यावर आणले. 'धरती के लाल'मध्ये (१९४६) बंगालचा दुष्काळ, तर 'शहर और सपना'मध्ये (१९६३) मुंबईतील बेघरांचा प्रश्न त्यांनी मांडला. 'चार शहर एक कहानी' या माहितीपटातील वेश्यावस्तीच्या चित्रणामुळे सेन्सॉर मंडळाने सार्वत्रिक प्रदर्शनाचे प्रमाणपत्र नाकारले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीदरम्यान शासनाने ते प्रमाणपत्र देण्याचे मान्य केले, तरी तत्त्वाचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९७० च्या निकालाने सेन्सॉरशिप वैध ठरविली. मात्र लैंगिक विषयाचे प्रत्येक चित्रण अश्लील नसते, हेही स्पष्ट केले. 'बॅन्डिट क्वीन'विषयीच्या १९९६ च्या निकालात न्यायालयाने याच निवाड्याचा आधार घेतला.